वैद्यकीय निष्काळजीपणा आणि ज्येष्ठांचा छळ: एवढ्यावर मुंबईत वकिली उभी राहते का?

विचारणाऱ्या ताई डोंबिवलीच्या आहेत. चार वर्षं एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होत्या, ड्यूट्या सांभाळत एलएलबी केलं, गेल्या वर्षी सनद मिळाली आणि सध्या ठाण्यात एका दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर आहेत. त्यांना दोनच प्रकारच्या केसेस करायच्या आहेत, रुग्णालयातल्या निष्काळजीपणाच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छळाच्या. विचारतात की मुंबईत एवढ्यावर पोट भरेल का, आणि अमेरिकेतल्या ‘पर्सनल इंज्युरी’ वकिलांसारखा भरपाईत वाटा घेता येतो का. शेवटी एक ओळ लिहिली आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: ‘माझ्याच जुन्या सहकाऱ्यांच्या विरोधात उभं राहावं लागेल, ते मला जमेल का?’

मी २३ वर्षं हेच काम करते. दादरला छोटं ऑफिस आहे, हाताखाली दोन ज्युनिअर आहेत. मला जे दिसलं ते सांगते. तुमचं नेमकं कसं होईल ते तुमचे सीनिअर, घरची परिस्थिती आणि पहिली चार-पाच वर्षं तुम्ही किती कमी पैशांत काढू शकता, यावर बरंच अवलंबून आहे.

प्रश्न पोटापाण्याचा म्हणून विचारलात, पण त्याच्या आत दुसरा प्रश्न आहे. या कामातला तीन चतुर्थांश भाग कोर्टाच्या बाहेर होतो. कागदांच्या गठ्ठ्याजवळ रात्री बसणं आणि ज्याच्यावर बेतलंय त्या माणसाच्या खाटेजवळ दिवसा बसणं, ही दोन बसणी ज्याला जमतात त्याने यावं. युक्तिवादाची हौस म्हणून येणारे वर्षभरात कंटाळतात. तुम्ही दुसरं बसणं चार वर्षं केलेलं आहे, ही तुमची मोठी पुंजी.

पैशांचं आधी उरकते. भरपाईत टक्का घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असा करार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं स्पष्ट सांगितलं. जाहिरातही करता येत नाही. त्यामुळे तिकडच्या मालिकांतलं चित्र डोक्यातून काढून टाका. मी फी टप्प्याटप्प्याने घेते: कागद वाचून मत देण्याची वेगळी, तक्रार दाखल करण्याची वेगळी, पुरावा आणि युक्तिवादाची वेगळी. कागद वाचण्याची फी घ्यायला सुरुवातीला संकोच वाटतो. तो सोडा, कारण तेच तुमचं खरं काम आहे.

फक्त या दोन विषयांवर पहिली पाच वर्षं निघणं कठीण. मुंबईत शरीराच्या इजेची वकिली बहुतेक जण रेल्वे आणि मोटार अपघाताच्या दाव्यांवर शिकतात, मीही तशीच शिकले. लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात मिळणारी ठरलेली रक्कम २०१७ पासून ८ लाख आहे, आधी ४ लाख होती. मोटार अपघाताच्या दाव्यात अपंगत्वाचा दाखला कसा वाचायचा, बुडालेली कमाई कशी काढायची, पुढच्या उपचारांचा खर्च कसा मांडायचा, हे हाताला लागतं. त्याला जोडून मेडिक्लेम नाकारल्याच्या तक्रारी येतात. घर या कामांवर चालवा आणि निष्काळजीपणाच्या निवडक केसेस नीट लढा. आठव्या-दहाव्या वर्षी पारडं फिरतं. माझं अकराव्या वर्षी फिरलं.

आता कागदांबद्दल, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे.

एक ८१ वर्षांच्या आजी. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उपनगरातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं. पण १९ दिवसांनी घरी आल्या तेव्हा कमरेखाली माकडहाडापाशी मूठ जाईल एवढी जखम होती. बेडसोअर, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी. लेकीने डिस्चार्ज कार्ड आणलं, त्यात जखमेचा उल्लेख दीड ओळीचा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे रुग्णालयाने सांगितलेली गोष्ट, घडलेलं असतं इंडोअर केस पेपरात, म्हणजे रुग्ण दाखल असतानाच्या रोजच्या नोंदींत. आम्ही लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपावं लागतं. गोपनीयतेचं कारण सांगून खुद्द रुग्णालाच कागद नाकारता येत नाहीत, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवलंय. तरी तिसऱ्या खेपेला, महापालिकेच्या वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करू म्हटल्यावर, २१४ पानं मिळाली.

त्यात पोझिशन चार्ट होता. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी: डावी, पाठ, उजवी, डावी. एकही रकाना मोकळा नाही. चार दिवस एकच निळं पेन, एकच तिरकं अक्षर, सकाळ-दुपार-संध्याकाळ तेच. कुठली सिस्टर सलग चार दिवस चोवीस तास ड्यूटीवर असते? पुढे ॲनेस्थेसियाचा कागद काढला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी पावणेदोन आजी थिएटरमध्ये टेबलावर होत्या. पोझिशन चार्टवर त्याच दिवशी दुपारी १२ वाजता लिहिलं होतं, ‘डावी कूस दिली. त्वचा ठीक.’

हे मला कळायला दोन रात्री लागल्या होत्या, तुम्हाला वीस मिनिटांत कळलं असतं. चार्ट एका बैठकीत भरला की कसा दिसतो हे नर्सइतकं कुणाला ओळखता येणार? म्हणून सांगते, कायद्याची पुस्तकं वाचालच, पण कागद वाचण्याचा क्रम बसवून घ्या. मी आधी नर्सेस नोट्स वाचते, मग औषधांचा चार्ट, मग लघवी-पाण्याचा हिशेब, मग टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता. डॉक्टरांच्या नोंदी सगळ्यांत शेवटी. प्रत्येक नोंद वेळेप्रमाणे एका मोठ्या कागदावर उतरवून काढते, मिनिटासकट. दोन कागद एकमेकांशी बोलू लागले, की खोटं आपोआप उघडं पडतं. बिलही सोडू नका. बिलात हातमोज्यांचे, ड्रेसिंगच्या पट्ट्यांचे आकडे असतात. रोज ड्रेसिंग केलं म्हणतात आणि बिलात नऊ दिवसांत दोनच ड्रेसिंग, असं मी पाहिलंय.

कायदा त्या मानाने थोडक्यात सांगता येतो. पाया १९६९ च्या जोशी विरुद्ध गोडबोले या निकालाचा, आणि तो आपल्याच मुलखातला. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं, तिथे पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवलं आणि तो गेला. भरपाई ३,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने त्यात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आजही तक्रार लिहिताना मी याच तीन कप्प्यांत मांडते. १९९५ मध्ये डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २००४ मध्ये ठरलं की रुग्णाने प्रत्येक डॉक्टरचं नाव शोधत बसायला नको, आपल्या माणसांबद्दल रुग्णालयाने उत्तर द्यायचं. २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल फौजदारी बाजूचा: डॉक्टरवर गुन्हा दाखल व्हायला निष्काळजीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत लागतं. २००८ मध्ये संमतीचा नियम आला: एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. २०१० मध्ये हेही स्पष्ट झालं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर ती स्वतःच बोलते.

तक्रार कुठे करायची? २०१९ च्या ग्राहक कायद्यात एक मोठा बदल झाला, तो अजूनही बऱ्याच वकिलांच्या अंगवळणी पडलेला नाही. आता ग्राहक आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, रुग्णाने भरलेल्या पैशांवरून ठरते. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मग मागणी दीड कोटीची असली तरी. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारदार राहतो तिथेही दाखल करता येते, म्हणजे कल्याणच्या माणसाला दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयाविरुद्ध खेपा घालायला नकोत. मुदत दोन वर्षं. दिवाणी कोर्टात मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी लागते, म्हणून तिकडे सहसा कोणी जात नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, माझ्या हातून सात-आठ वर्षं चाललेल्या तक्रारी गेल्या आहेत. हे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं.

त्या पहिल्या भेटीबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी सहा-सात जणांना मी ‘यात केस नाही’ असं सांगते. हे तुम्हाला सगळ्यांत जड जाईल. समोर बाई बसलेली असते, नवरा चाळिशीत गेलेला, आणि कागद सांगतात की डॉक्टरांनी करायचं ते सगळं वेळेवर केलं. वाईट निकाल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या विषयातले जबाबदार डॉक्टर ज्या पद्धतीने उपचार करतात त्या पद्धतीने केले असतील तर डॉक्टर दोषी धरला जात नाही, ही इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम निकालातली कसोटी आपल्याकडेही मानतात. हे मी शिकले ते डॉक्टरांच्या बाजूने लढणाऱ्या सीनिअरांकडे. चार वर्षं मी विमा कंपन्यांनी नेमलेल्या त्यांच्या पॅनेलवर ज्युनिअर होते. माझा सल्ला ऐकाल तर तुम्हीही दोन-तीन वर्षं त्या बाजूला काम करा. डॉक्टर कसा विचार करतो हे कळल्याशिवाय त्याची चूक कुठे झाली ते दाखवता येत नाही.

पण ‘केस नाही’ एवढं म्हणून त्या बाईंना उठवू नका. तासभर घेऊन कागद त्यांच्यासमोर उलगडा. किती वाजता काय झालं, कुठलं औषध कशासाठी दिलं, शेवटचे तीन तास काय चाललं होतं. पुष्कळांना भरपाई नकोच असते. आयसीयूच्या दारामागे काय घडलं हे कुणीतरी सांगावं एवढंच हवं असतं, आणि रुग्णालयात ते कुणी सांगितलेलं नसतं. तासाभरानंतर रडून, पाणी पिऊन, ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणून गेलेल्या माणसांची संख्या माझ्या जिंकलेल्या केसेसपेक्षा मोठी आहे.

माझी एक चूक तुमच्या उपयोगी पडावी म्हणून लिहिते. वकिलीच्या सहाव्या वर्षी रात्री साडेअकराला एका ओळखीच्यांचा फोन आला. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशननंतर त्यांची बहीण अचानक गेली होती. काय करू, विचारत होते. रुग्णालय म्हणत होतं की बॉडी घेऊन जा, पोस्टमॉर्टेमची गरज नाही. घरचे म्हणत होते, तिची चिरफाड नको. मी म्हटलं, ‘आत्ता तिला घरी न्या, कागदांचं उद्या बघू.’ त्या रात्री मला ते माणुसकीचं वाटलं. पुढे आयोगासमोर प्रश्न एकच उरला, मृत्यू कशाने झाला? रक्तस्राव, गुठळी, हृदय? रुग्णालयाच्या तज्ज्ञाने तीन शक्यता सांगितल्या आणि तिन्ही खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. तक्रार फेटाळली गेली. निष्काळजीपणा झाला होता असं मला आजही वाटतं, पण तो मृत्यूशी जोडणारा धागा त्या रात्री मीच तुटू दिला. तेव्हापासून मृत्यू अनपेक्षित असेल आणि घरच्यांना शंका असेल, तर मी फोनवर तिथल्या तिथे सांगते: पोलिसांना कळवा, पोस्टमॉर्टेम मागा, लेखी मागा. ऐकायला क्रूर वाटतं. तरी सांगा. त्याच दमात हेही सांगा की वॉर्डात आरडाओरडा नको, कुणाच्या अंगावर हात नको. २०१० च्या राज्य कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि ज्या सिस्टरच्या साक्षीची पुढे गरज पडणार तिलाच आपण घाबरवून बसतो.

फौजदारी तक्रारीबद्दल लोक फार आग्रह धरतात, ‘त्याला आत टाका’ म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे, डॉक्टरच्या हातून उपचारांत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यासाठी वैद्यकीय मंडळाचं मत लागतं, मुंबईत बहुतेक वेळा जे. जे. रुग्णालयातून. ते मत प्रतिकूल आलं की ग्राहक आयोगातली तक्रारही लंगडी होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे गेलं तर डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ काढलं जाऊ शकतं, पैसे मिळत नाहीत. कोणत्या दारात आधी जायचं हे अशिलाला नेमकं काय हवंय त्यावर ठरतं, आणि ते त्याला स्वतःलाही पहिल्या भेटीत माहीत नसतं.

आता ज्येष्ठांच्या केसेस. इथे पहिला प्रश्न मी स्वतःला विचारते तो असा: माझा अशील कोण? ऑफिसात वडील येत नाहीत, वडिलांना घेऊन कुणीतरी येतं. मुलगी घेऊन येते भावाविरुद्ध, धाकटा घेऊन येतो थोरल्याविरुद्ध. मुंबईत या भांडणाच्या तळाशी बहुतेक वेळा जागा असते. चाळ पुनर्विकासाला गेली, नवा फ्लॅट कुणाच्या नावावर, भाड्याचे चेक कुणाच्या खात्यात, बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, म्हणजे कॉर्पस, कुणाला. म्हणून माझा नियम आहे की आणणाऱ्याला बाहेर बसवायचं आणि म्हाताऱ्या माणसाशी किमान अर्धा तास एकटीने बोलायचं.

लालबागचे एक आजोबा, ७८ वर्षांचे, गिरणीतून निवृत्त. लेक घेऊन आली. म्हणाली, दादा मारतो, जागा लिहून घेतली, बाबांना आता काही कळत नाही. मी लेकीला बाहेर पाठवलं आणि विचारायला लागले. आजोबा नुसते बघत राहिले. मला वाटलं, स्मृतिभ्रंश असेल. मग त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘सेल नाहीत. चार महिने झाले.’ मी ज्युनिअरला खाली केमिस्टकडे पाठवलं. नवे सेल घातल्यावर आजोबा दीड तास बोलले, तारखा-वारासकट. मुलगा मारत नव्हता. एकदा ढकललं होतं, आणि त्याचं आजोबांना फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना लागलं होतं ते हे, की सेल मागितले की सून म्हणायची ‘आणू’, आणि कुणीच आणायचं नाही. घरात सगळे ‘बहिरा झालाय’ म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचे. त्यांना जागा परत नको होती. पासबुक, कपाटाची चावी आणि सेल, एवढं हवं होतं. लेकीला मात्र जागेचं बक्षीसपत्र रद्द करून हवं होतं.

मी आजोबांच्या सांगण्याप्रमाणे गेले. मुलाला बोलावलं, समोर बसवलं. पेन्शनचं खातं आजोबांच्या एकट्याच्या हातात आलं, चावी आली. सेलचं काम मी शेजारच्या मुलावर सोपवलं, महिन्याला एक पाकीट. लेक माझ्यावर नाराज झाली आणि दुसऱ्या वकिलाकडे गेली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिच्या डोळ्यांसमोर बाप रोज झिजत होता. पण माझे अशील आजोबा होते.

छळ म्हटलं की लोकांना वळ दिसतात. मला आता चष्म्याची काडी दिसते, सुतळीने बांधलेली. दिवसाला दोनच डायपर मोजून दिलेले दिसतात. रात्री लघवीला उठू नयेत म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलेलं दिसतं. ब्युरोची, म्हणजे सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, मावशी झोपेची गोळी जास्त देते, कारण तिला रात्रपाळीनंतर दिवसा दुसऱ्या घरी जायचंय, आणि घरचे म्हणतात ‘हल्ली बाबा फार झोपतात’. अशा वेळी औषधांची पट्टी मोजा. किती आणल्या, किती असायला हव्यात, किती आहेत. नर्स म्हणून हे तुम्ही डोळे मिटून कराल. ब्युरो आणि वृद्धाश्रम पैसे घेऊन सेवा देतात, तेव्हा त्यांच्याविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येतं. घरातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं, पहिल्याच दिवशी उतरवून घ्यायला सांगा.

कायदा २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा. न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्यांपुढे, निर्वाह महिन्याला कमाल १०,००० रुपये, ज्येष्ठाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम १७ म्हणतं की वकील उभा राहू शकत नाही. काही उच्च न्यायालयांनी ही बंदी टिकत नाही असं म्हटलंय, पण आपल्या इथे कोण उभं राहू देतं हे त्या-त्या अधिकाऱ्यावर असतं. माझं काम बहुधा आधीचं असतं: अर्ज सोप्या मराठीत लिहिणं, बँकेचे कागद लावणं, आजींना दोनदा बसवून ‘साहेब विचारतील तेव्हा एवढंच सांगा’ म्हणून तयारी करून घेणं. छळ झालेली घरातली बाई असेल, म्हणजे आई किंवा सासू, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं. तिथे वकील चालतो.

खरी लढाई कलम २३ ची. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येतं. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क नाममात्र पडतं, म्हणून आपल्याकडे जिवंतपणीच बक्षीसपत्रं भराभरा होतात, आणि त्यांत अटीची ओळ नसते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अट होती हे सिद्ध करावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं सांगितलं. तरी माझ्याकडे बक्षीसपत्र करायला जे येतात त्यांना मी आधी मृत्युपत्र करा असं सांगते. ऐकलंच नाही तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत घालते: राहणं, जेवण, औषधं, मावशीचा पगार.

आणि उलटी बाजूही बघायला शिका. मुलगा-सुनेचं बिनसलेलं असतं आणि मुलगाच आईवडिलांना पुढे करून सुनेला बाहेर काढण्याचा अर्ज करवतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला दिलेला घरात राहण्याचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याच्या आडून पुसता येत नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. असा अर्ज समोर आला की मी सासूबाईंना एकटीला विचारते, ‘सून तुम्हाला जेवायला देते का?’ दोनदा उत्तर आलं, ‘तीच देते.’

भरपाईच्या बाबतीत मन घट्ट करा. हिशेब कमाईवर चालतो. मोटार अपघाताच्या दाव्यांत वय ६५ च्या वर गेलं की गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, ५ उरतो, आणि निवृत्त माणसाची कमाई ती काय असणार. कोलकात्याच्या एका केसमध्ये २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी आणि वर व्याज दिलं, तो गुणक जसाच्या तसा न लावता. पण तिथे गेलेली व्यक्ती तरुण होती. ८० वर्षांच्या माणसासाठी रक्कम उभी करायची तर ती वेदनेवर, उपचारांच्या खर्चावर आणि घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेवर उभी करावी लागते. म्हणून मी जखमेचे रोजचे फोटो, ड्रेसिंगची प्रत्येक पावती आणि लेकीने घेतलेल्या बिनपगारी रजेचा दाखला लावते. म्हातारा माणूस कमवत नाही म्हणून त्याचं दुखणं स्वस्त, हे मला कधीच पटलेलं नाही, आणि प्रत्येक युक्तिवादात मी ते म्हणते.

आता तुमची शेवटची ओळ, जुन्या सहकाऱ्यांची. त्यासाठी त्या ८१ वर्षांच्या आजींच्या फाइलकडे परत यावं लागेल. रुग्णालयाने लेखी जबाबात सगळा दोष रात्रपाळीच्या एका सिस्टरवर टाकला होता. तिने कूस बदलली नाही, आम्ही तिला काढून टाकलंय, असं म्हणाले. पोझिशन चार्ट खोटा होता हे मी दाखवलं होतंच, पण त्याने फार तर सिस्टर दोषी ठरली असती आणि व्यवस्थापन हात झटकून मोकळं झालं असतं. मग मी नर्सेस नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या. आठव्या रात्री, २ वाजून १० मिनिटांनी, दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वॉर्डात २६ पेशंट, स्टाफ मी एकटी. बेड ९ ची कूस एकटीने बदलणे शक्य नाही, कमरेखाली लाली आहे. सुपरवायझर मॅडमना फोनने कळवले.’ खाली सही. निळ्या पेनातलं ते तिरकं अक्षर नव्हतं, काळं पेन होतं.

मी तिला शोधलं. बदलापूरला राहत होती, दुसरीकडे लागली होती. यायला तयार नव्हती. मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा तिच्या आईच्या हातचा चहा पिऊन आले. शेवटी आली, शपथपत्र दिलं, उलटतपासणीला तोंड दिलं. आयोगाने रुग्णालयाला जबाबदार धरलं आणि निकालात लिहिलं की अपुरा स्टाफ ठेवणं हीच सेवेतली त्रुटी. सिस्टरचं नाव दोषातून वगळलं. बाहेर जिन्यात ती मला म्हणाली, ‘मॅडम, त्या रात्री मी ते लिहिलं तेव्हा वाटलं होतं, हे कोण वाचणार?’